दिवस बुडायच्या आत सिनेमा सुटत नाही

सिनेमाला जायचं ठरलं की आता मी दोन गोष्टी आधी बघतो. सिनेमा किती मिनिटांचा आहे आणि त्या दिवशी सूर्य किती वाजता मावळणार आहे. तिकीट काढताना कडेची खुर्ची मागतो. शाळेतले सहकारी हसतात. "सर, पिक्चर बघायला चाललाय का ग्रहण?" असं एकानं विचारलंही होतं. मीही हसलो. पण पडद्यावर एखादं शहर कोसळायला लागलं आणि ते वाचवायला आलेले सुपरहिरो एकमेकांची थट्टा करायला लागले की माझं लक्ष आजही पडद्यावरून उडतं. शेजारी बसलेल्या मुलीचा हात मी चाचपून बघतो. तिला आता सवय झाली आहे. पडद्यावरची नजर न काढता ती म्हणते, "कोरडा आहे, बाबा."

हे सगळं सुरू झालं ते अण्णांना सिनेमाला नेलं त्या रविवारपासून. अण्णा म्हणजे माझे वडील. आमचं गाव सांगलीजवळ, कृष्णेच्या काठाला. आम्ही जैन शेतकरी. थोडा ऊस, थोडी हळद. अण्णा सातवीपर्यंत शिकले आणि मी आमच्या घरातला पहिला पदवीधर झालो, तो केवळ त्यांच्यामुळे. दहावीनंतर त्यांनी मला सांगलीत जैन वसतिगृहात ठेवलं. दर रविवारी सायकलवरून यायचे, खाऊचं गाठोडं द्यायचे आणि परत जाताना एकच वाक्य बोलायचे, "तुझं तू शीक, हिकडचं मी बघतो." आज मी साताऱ्यात एका शाळेत भूगोल शिकवतो. महिन्याच्या महिन्याला पगार होतो, मुलीला स्वतःची खोली आहे. हे सगळं त्या सायकलवरून आलं आहे, हे मी विसरलेलो नाही.

अण्णांचा एक नियम आहे. दिवस बुडाल्यावर पाण्याच्या घोटाशिवाय तोंडात काही घालायचं नाही. तसा हा रिवाज आमच्याकडे सगळ्यांचाच. वसतिगृहातही जेवणाची घंटा उन्हातच व्हायची. पण नोकरीला लागल्यावर माझा तो सुटला. अण्णांचाही शेतीच्या कामात कधी पाळला जायचा, कधी नाही. आई गेली त्या वर्षी गावात चातुर्मासाला एक मुनिमहाराज होते, त्यांच्यापुढे हात जोडून अण्णांनी तो रीतसर घेतला. तेव्हापासून एकदाही मोडला नाही. आईबद्दल ते कधी काही बोलत नाहीत. संध्याकाळी उन्हाकडे बघत ताटावर बसतात, तेवढंच.

साताऱ्याला आले की त्यांची एक तक्रार ठरलेली. "तुमच्या हितं दिवस लौकर बुडतोय रं. डोंगर आडवा येतो." पश्चिमेला यवतेश्वरचा डोंगर आहे, त्याच्याआड सूर्य गेला की त्यांच्या लेखी दिवस संपला. घड्याळात सहाला सूर्यास्त असला तरी आमच्या घरी ते पावणेसहालाच हात धुऊन मोकळे होतात.

आणि त्यांना साखरेचा आजार आहे. संध्याकाळच्या जेवणाआधी अर्धा तास घ्यायची एक गोळी आहे. डॉक्टरांनी अर्धा तास सांगितला म्हणजे अर्धा तास. एकोणतीस मिनिटं नाहीत.

तो रविवार डिसेंबरातला होता. माझी मुलगी तेव्हा अकरा वर्षांची. ती या सुपरहिरोंच्या सिनेमांची भक्त. आधीचे सगळे भाग तिला पाठ आणि या नव्या भागाची ती कित्येक महिने वाट बघत होती. अण्णा शुक्रवारीच आले होते. तिनं हट्ट धरला, "आज्जा, तुम्ही पण चला."

"मी येऊन काय करू गं? मला कोन कुनाचं काय कळतंय?"

"मी सांगते ना सगळं. मी आहे शेजारी."

नात शेजारी आहे म्हटल्यावर अण्णा उठले. डोक्याला टोपी घातली, अंगात स्वेटर चढवला, शर्टाच्या खिशात गोळ्यांची पट्टी ठेवली. नातीनं बाहेरचं खाऊ नये म्हणून गावाहून आणलेले शेंगदाण्याचे सहा लाडू डब्यात भरून घेतले.

खेळ अडीचचा होता. मी मनात हिशोब केला तो वसतिगृहातल्या दिवसांचा. सांगलीत आम्ही तीन ते सहाचा खेळ बघायचो आणि पावणेसहाला बाहेर पडून घंटेच्या आत ताटावर असायचो. सिनेमा म्हणजे फार तर पावणेतीन तास, त्यातही मध्यंतर. अडीचला सुरू झाला तर सव्वापाचला सुटणार, साडेपाचच्या आत घरी. बायको म्हणाली, "साडेपाचला अण्णांचं ताट वाढून ठेवते. उशीर करू नका." मी म्हणालो, "उशीर कसला? भरपूर वेळ आहे." सिनेमा नक्की किती लांबीचा आहे, हे मी बघितलं नव्हतं. हातात फोन होता. एक बोट फिरवलं असतं तर कळलं असतं.

थिएटरच्या दारात पहारेकऱ्यानं डबा अडवला. फौजेतून निवृत्त झालेला माणूस होता, मिशा पिळदार.

"आवं बाबा, डबा आत न्हाई चालत."

"का? चोरीचा हाय व्हय?" अण्णा म्हणाले.

"नियम हाय."

नियम म्हटल्यावर अण्णांनी डबा लगेच त्याच्या टेबलावर ठेवला. "नियम हाय तर ऱ्हाऊ दे. सा लाडू हायत."

"आत माणसं जग वाचवाय लागल्यात आन् तुमी लाडू कशाला वाचवताय? माझ्यापाशी सुखरूप ऱ्हातील. एखादा कमी झाला तर समजून घ्या."

अण्णा हसले. पाण्याची बाटली मात्र त्यानं आत नेऊ दिली.

आमच्या खुर्च्या ओळीच्या अगदी मधोमध होत्या. दोन्ही बाजूंना दहा-बारा माणसं. मुलीनं मुद्दाम मधल्या निवडल्या होत्या, पडदा नीट दिसतो म्हणून. अर्धा तास जाहिराती आणि येणाऱ्या सिनेमांचे तुकडे झाले. मग सिनेमा सुरू झाला आणि मुलीनं अण्णांच्या कानाशी लागून एकेकाची ओळख करून द्यायला सुरुवात केली. उडणारी बाई कोण, भिंतीतून आरपार जाणारा कोण, कोणाचं कोणाशी पटत नाही. अण्णा मान डोलावत होते.

पहिलं शहर पडलं तेव्हा ते खुर्चीत पुढं सरकले. इमारती मधून मोडत होत्या, पूल वाकत होते. उडणारी बाई आणि भिंतीतला तरुण त्या धुळीत उभे राहून एकमेकांच्या कपड्यांवरून विनोद करत होते. सगळं थिएटर हसलं.

"ह्या घरातली माणसं कुठं गेली गं?" अण्णांनी विचारलं.

"ती आधीच बाहेर काढलेली असतात, आज्जा."

"कवा काढली? मी बघत हुतो की."

मागून कुणीतरी म्हणालं, "बाबा, जरा हळू." अण्णांनी माझ्याकडे वळून अगदी बारीक आवाजात विचारलं, "एवढं गाव पडलं आन् हासत्यात का रं?"

महापुरात आमचं गाव पाण्यात होतं तेव्हा अण्णा दोन दिवस शाळेच्या गच्चीवर होते. मी साताऱ्यात फोन कानाला लावून बसलो होतो. फोन लागला तेव्हा तेही विनोदच करत होते. "म्हशीला पवाय येतंय रं, मलाच येत न्हाई." पण त्या बोलण्यात आवाज कापत होता, दोन शब्दांच्या मध्ये ते थांबत होते. पडद्यावरच्या मंडळींचा आवाज कुठंच कापत नव्हता. कसं कोण जाणे, पण मला त्याचीच भीती वाटायला लागली होती. काहीतरी वाईट होणार आहे आणि इथं कुणाला त्याचा पत्ता नाही, असं वाटायला लागलं.

मध्यंतर झालं तेव्हा सव्वाचार वाजले होते. अण्णांनी विचारलं, "अजून किती हाय?"

"झालं की अर्ध्याच्या वर. पाच-सव्वापाचला सुटंल."

मी हे कशाच्या आधारावर बोललो? पूर्वी मध्यंतरानंतरचा भाग लहान असायचा, एवढ्याच. अण्णांनी मान हलवली. मुलगा शिकलेला आहे, तो सांगतो म्हणजे तसंच असणार. आयुष्यभर त्यांनी माझ्या शिक्षणावर असाच विश्वास ठेवला आहे.

पाचच्या सुमाराला अंधारात त्यांनी मनगट डोळ्यांजवळ नेलेलं मी पाहिलं. त्यांचं घड्याळ जुनं आहे, काटे अंधारात हिरवे चमकतात. मग त्यांनी खिशातून काहीतरी काढून तोंडात टाकलं आणि बाटलीतलं पाणी प्याले. मला वाटलं लवंग असेल. ती गोळी होती. सव्वापाचला सुटणार, साडेपाचला ताटावर बसणार, म्हणून पाचला गोळी. माझ्या शब्दावर घेतलेली.

सव्वापाचला खलनायक उंचावरून खाली पडला. संगीत थांबलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. अण्णांनी स्वेटरची बटणं लावली, टोपी सारखी केली. आणि खलनायक उठला. आता तो आणखी मोठा झाला होता. दुसरं शहर सुरू झालं.

साडेपाच झाले. मला काळजी लागली, पण ती अजून फक्त जेवणाची. अण्णा उपाशी राहणार आणि ते माझ्यामुळे, एवढंच माझ्या डोक्यात होतं. मी वाकून म्हणालो, "अण्णा, उठायचं का? आत्ता निघालो तर गाठू."

त्यांनी नातीकडे बघितलं. ती दोन्ही हात गालांवर ठेवून पडद्याकडे बघत होती. "बघू दे पोरीला. एक दिस न्हाई जेवलो म्हणून काय हुतंय?"

पोटात गोळी गेली आहे हे त्यांच्या त्या क्षणी लक्षात नव्हतं. मला ते माहीतच नव्हतं. आणि खरं सांगायचं तर बारा माणसांचे गुडघे ओलांडून बाहेर पडायचं मलाही संकोचाचं वाटत होतं. मी बसून राहिलो.

मग एक सुपरहिरो मेला. सगळे रडले. दहा मिनिटांनी तो मेला नाही असं निघालं आणि त्यानं उठता उठता विनोद केला. मग तिसरी लढाई. मी पडद्याकडे बघतच नव्हतो. दर दोन मिनिटांनी फोन तिरका करून वेळ बघत होतो. पावणेसहा. म्हणजे सूर्य डोंगराआड गेला. सहा. अण्णा मागं टेकून बसले होते, टोपी कपाळावर आली होती. मागचा माणूस शेजारणीला म्हणाला, "बाबा झोपलं वाटतं. येवढ्या आवाजात झोप लागती म्हंजे कमालच." मलाही वाटलं, डोळा लागला असेल. बरंच झालं.

सहा वाजून पाच मिनिटांनी नावं वर सरकायला लागली. मी उठायला लागलो. मुलीनं माझी बाही धरली. "बाबा, थांबा ना! नावं संपल्यावर अजून एक सीन असतो. तोच महत्त्वाचा असतो."

मी बघितलं तर कुणीच उठलं नव्हतं. सगळं थिएटर अंधारात नावं बघत बसलं होतं. साडेतीन तास बसलोय, आणखी दहा मिनिटांनी काय होतंय, असं म्हणून मी परत बसलो. त्या बसण्याबद्दल मी स्वतःला अजून माफ केलेलं नाही.

"बाबा," मुलगी म्हणाली, "आज्जांचा हात ओला आहे."

मी हात लावला. थंड आणि ओला. पाण्यात बुडवून काढल्यासारखा. कपाळाला हात लावला तर टोपीची कड भिजली होती. डिसेंबरात, त्या गारठवणाऱ्या थिएटरात.

"अण्णा? अण्णा!"

त्यांनी डोळे उघडले. माझ्याकडे बघितलं, पण ओळख नव्हती त्या नजरेत. "मोटर बंद कर रं," ते म्हणाले. "वाफा फुटलाय. सगळं पानी वड्याला चाललंय."

"अण्णा, आपण साताऱ्यात हाय. सिनेमाला आलोय."

"कोन सिनेमा?" जीभ जड झाली होती. "आगुदर मोटर बंद कर."

माझी बोटं त्यांच्या खिशाला लागली. पट्टी बाहेर काढून फोनच्या उजेडात बघितली. संध्याकाळच्या गोळीची जागा फुटलेली होती. तेव्हा मला लवंग आठवली, मनगट आठवलं. सकाळी अकराला जेवलेला माणूस, त्यावर पाचला घेतलेली गोळी, आणि आता सव्वासहा व्हायला आलेले. साखर उतरली होती. किती उतरली होती कुणास ठाऊक. गावातला एक म्हातारा असाच ओट्यावर बसल्या बसल्या गेला होता. त्याच्या सुनेलाही तो झोपला आहे असंच वाटलं होतं.

"आज्जांचा हात सोडू नकोस," मी मुलीला म्हणालो आणि लोकांच्या गुडघ्यांवरून निघालो. "बसा ओ खाली! सीन यायचाय अजून." "काय राव, दहा मिनिटं दम निघंना व्हय?" वडिलांना बरं नाही, एवढं वाक्य मला बोलायचं होतं. ते सांगायलाही मी थांबलो नाही. कुणाच्या तरी पायात अडकून मी पडलो, उठलो, दार ढकललं.

बाहेर काचेच्या दारांतून दिसलं. अंधार पडत आला होता. यवतेश्वराच्या कडेला थोडा तांबूसपणा उरला होता, बाकी डोंगर काळा. टेबलाजवळ तो पहारेकरी उभा होता.

"डबा," मी म्हणालो. "वडील... साखर उतरलीय. शुगर."

त्यानं डबा उचलला, परत ठेवला. "लाडू चावल व्हय त्यो? साखर घ्या, साखर!" कॉफीच्या काउंटरवरून साखरेच्या पुड्यांची मूठ भरून घेत तो माझ्याआधी आत पळाला. त्याच्या हातातल्या विजेरीचा झोत ओळीवर पडला तसे लोक ओरडले. "ए, लाईट बंद कर!"

"गप बसा! मानूस आजारी हाय!" त्याच्या त्या फौजी आवाजानं सगळं थिएटर चिडीचूप झालं. गुडघे बाजूला झाले.

मुलगी दोन्ही हातांनी अण्णांचा हात धरून बसली होती. रडत नव्हती. मी बाटलीतल्या उरलेल्या पाण्यात चार पुड्या ओतल्या, हलवलं आणि अण्णांच्या ओठाला लावलं. थोडं आत गेलं. गोड लागलं तसे त्यांनी दात मिटून घेतले. पाणी हनुवटीवरून स्वेटरवर ओघळलं.

"घ्या अण्णा. औषध हाय."

त्यांनी मान फिरवली. "दिवस बुडला असंल."

सिनेमा विसरले होते, सातारा विसरले होते, मी कोण हे त्यांना नीट कळत नव्हतं. नियम तेवढा जाग्यावर होता. मी पुन्हा बाटली लावली, पुन्हा त्यांनी दात आवळले. त्यांच्या अंगाला आता कापरं भरत होतं. मला वाटलं, आता हे जाणार. इथं, या खुर्चीत, माझ्यासमोर, आईसाठी घेतलेल्या नियमापायी आणि माझ्या चुकीपायी.

"दिवस हाय का रं?" त्यांनी विचारलं.

"हाय अण्णा," मी म्हणालो. "लख्ख ऊन हाय भाईर."

त्यांनी नातीकडे मान वळवली. ती बाहेर गेलीच नव्हती, तिला काही ठाऊक असायचं कारण नव्हतं. ती म्हणाली, "हो आज्जा. ऊन आहे."

पहारेकऱ्यानं विजेरी बंद केली. काचेच्या दारापाशी उभं राहून त्यानं अंधार पडताना बघितला होता. तो खाली वाकला आणि म्हणाला, "हाय की बाबा, डोंगराच्या वर हाय अजून. घ्या लवकर."

अण्णांनी तोंड उघडलं.

ते पाणी संपेपर्यंत पडद्यावर नावं सरकत होती. हजारो नावं. एकेक घोट गिळला जाताना मी त्यांच्या गळ्याकडे बघत होतो. पहारेकऱ्यानं बाहेरच्या डब्यातून एक लाडू आणून त्याचा बारीक चुरा करून दिला, तोही जिभेवर ठेवला. नावं संपली आणि तो महत्त्वाचा सीन आला. मी त्यातलं काही बघितलं नाही. मुलीनंही नाही. कुणीतरी कुणाला तरी काहीतरी विचारलं, लोक हसले, आणि पडद्याच्या त्या उजेडात मी अण्णांचा चेहरा बघत राहिलो. घाम थांबला होता. नजर हळूहळू माझ्यावर येऊन टेकली.

"लय गोड केलंस," ते म्हणाले. मग थोड्या वेळानं, "संपला का त्यो सिनेमा?"

दिवे लागले. ज्यांनी ओरडा केला होता तेच लोक आता आधार द्यायला पुढं आले. मागच्या माणसानं टोपी उचलून दिली. पहारेकऱ्यानं डबा हातात ठेवला. "पाच हायत. मोजून घ्या."

काचेच्या दारातून बाहेर आलो. पायरीवर अण्णा थांबले. रस्त्यावरचे दिवे लागलेले, वर चांदण्या, डोंगराचा पत्ता नाही. मी त्यांच्या तोंडाकडे बघायचं टाळत होतो. आता ते काय बोलतील याची मला आतल्यापेक्षाही जास्त भीती वाटत होती. त्यांनी वर बघितलं, मग डोंगराच्या दिशेला बघितलं, मग माझ्याकडे.

"मास्तर," ते म्हणाले, "भूगोल लय कच्चा हाय तुमचा."

आवाज कापत होता त्यांचा. दोन शब्दांच्या मध्ये ते थांबत होते.

रिक्षानं तडक डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी बोटाला टोचून साखर बघितली आणि मला बाजूला घेऊन बरंच सुनावलं. धोका पूर्ण टळलेला नाही, गोळीचा अंमल बराच वेळ राहतो, घरी गेल्या गेल्या पोटभर जेवू घाला, नाहीतर पुन्हा उतरेल. मी हो म्हणालो. फोनवर बायकोचे सहा फोन येऊन गेले होते.

घरी ताट झाकून ठेवलेलं होतं. अण्णा हातपाय धुऊन पाटावर बसले. आता त्यांना सगळं कळत होतं. खिडकीबाहेर काळोख होता आणि कुणी कितीही सांगितलं तरी ते ऊन म्हणून खपलं नसतं. ते ताटाकडे बघत बसले. मी दारात उभा. बायको वाढायचा चमचा हातात धरून उभी. डॉक्टरांचं सांगायला मी तोंड उघडलं, पण अण्णांनी हात वर करून मला थांबवलं. मुलगी त्यांच्याजवळ जाऊन बसली आणि तिनं पुन्हा त्यांचा हात धरला. तो कोरडा आहे का, ते ती बघत होती.

अण्णांनी तिच्या बोटांकडे बघितलं. "लय भ्याली व्हतीस व्हय गं?"

तिनं मान हलवली आणि मग ती रडली, थिएटरात रडली नव्हती तेवढं.

"वाढ," अण्णा सुनेला म्हणाले. भाकरी मोडली, डोळे मिटून क्षणभर थांबले आणि जेवले.

झोपायच्या आधी मुलगी मला म्हणाली, "बाबा, आपण आज्जांशी खोटं बोललो ना?" मी म्हणालो, हो. तिनं विचारलं, "त्यांना माहीत होतं का?" ते मला आजही सांगता येत नाही. ज्या घड्याळात अंधारात पाच वाजलेले दिसले, त्यात सव्वासहाही दिसले असते. ते मनगट त्यांच्या मांडीवरच होतं. पण तेव्हा त्यांना मोटर दिसत होती, वाफा दिसत होता, घड्याळ दिसत असेल का? मी विचारलेलं नाही. विचारायचं धाडस होत नाही.

गावी परतल्यावर ते पायी विहार करत गावात आलेल्या महाराजांकडे गेले आणि झालं ते सांगून आले. मला हे फोनवर कळलं तेव्हा पुन्हा भीती वाटली. प्रायश्चित्त म्हणून उपास सांगितला असेल तर?

"काय म्हणाले महाराज?"

"गोळी ताट वाढल्याव घ्या म्हणाले."

"एवढंच?"

"आन् काय म्हणतील? तुझ्यापरीस हुशार हायत ते."

त्या सिनेमाचा पुढचा भाग आता आला आहे. मुलगी वर्षभर त्याबद्दल एक शब्द बोलली नव्हती. परवा अण्णांनीच फोनवर तिला विचारलं, त्या उडणाऱ्या बाईचं पुढं काय झालं. ती म्हणाली, नवा भाग लागलाय, पण आपण नको जायला. अण्णा म्हणाले, "का नको? शनिवारी येतो. रविवार सकाळचं तिकीट काढाय सांग तुझ्या बापाला."

मी बघितलं. तीन तास बारा मिनिटं. आधीच्यापेक्षा सात मिनिटं जास्त. सकाळी नऊचा खेळ काढला आहे, कडेच्या तीन खुर्च्या. सूर्यास्त सहा वाजून चार मिनिटांनी आहे. मध्ये अख्खी दुपार पडली आहे, तरी मी ते दोनदा बघितलं.